संस्थांची संस्था

१९१६ साली सोमच्या लढाईत जखमी होऊन कॅप्टन एडवर्ड बर्चल मरण पावले. समाजकार्य पुढे चालावे म्हणून त्यांनी मित्राच्या नावे १,००० पौंड ठेवले होते. त्या पैशांच्या आधाराने १९१९मध्ये लंडनमध्ये ‘नॅशनल कौन्सिल ऑफ सोशल सर्व्हिस’ उभी राहिली. लिव्हरपूलमध्ये तर १९०९पासूनच स्वयंसेवी संस्थांची अशी परिषद होती. पुढे इंग्लंडच्या गावोगावी अशा परिषदा झाल्या. त्या स्वतः भुकेल्याला जेवू घालत नसत. जेवू घालणाऱ्या संस्थेला घटना लिहून देत, हिशेब शिकवत, अनुदानाचा अर्ज भरायला मदत करत, स्वयंसेवक मिळवून देत.

या परिषदांची मोठी भिस्त स्थानिक पालिकांच्या अनुदानावर होती. २०१०नंतर सरकारने पालिकांचा निधी कापला. त्याच वेळी पंतप्रधान कॅमेरून ‘बिग सोसायटी’ची, म्हणजे लोकांनीच अधिक भार उचलण्याची भाषा करत होते. काही परिषदा बंद पडल्या, काही शेजारच्या परिषदेत विलीन झाल्या. अन्नछत्र बंद पडले तर दारातली रांग दिसते. त्याला हिशेब शिकवणारा माणूस गेला, तर बराच काळ काहीच दिसत नाही. म्हणूनच कात्री आधी त्याच्यावर चालवणे सोपे जाते. बर्चल यांच्या पैशांतून भाकरी विकत घेतली गेली नव्हती, हे विसरता कामा नये.