छत्रातील मध्यरात्रीची घंटा

कावेरीकाठचे कुंभकोणम हे तंजावरच्या मराठी राज्यातील मोठे तीर्थक्षेत्र. व्यंकोजीराजांनी स्थापिलेले हे राज्य १८५५ पर्यंत टिकले; मराठी बोलणारी घरे त्या मुलखात आजही आहेत. रामेश्वराच्या यात्रेकरूंसाठी तेथील राजांनी ‘छत्रे’ उभारली. छत्र म्हणजे धर्मशाळा आणि अन्नसत्र.

दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात या छत्रांचा कारभार वर्णिला आहे. ब्राह्मणापासून अस्पृश्य मानलेल्यांपर्यंत प्रत्येक वाटसरूला शिजवलेला भात मिळे; तो न घेणाऱ्यास कोरडा शिधा. वैद्य असे, मुलांसाठी शिक्षक असे. अन्नदान मध्यरात्रीपर्यंत चाले आणि मग घंटा वाजवून, जेवायचे राहिलेल्यांनी यावे, अशी दवंडी दिली जाई.

कोरड्या शिध्यामागे सोवळेओवळे होते, हे झाकण्यात अर्थ नाही. पंगत एक नव्हती. तरीही ती घंटा मला भोजनापूर्वीच्या श्लोकांचे भाष्य वाटते. गीतेत जठराग्नी हे ईश्वराचेच रूप मानले आहे. भोजनश्लोकात जेवण हे यज्ञकर्म आहे. अग्नी सर्वांच्या पोटी एकच असेल, तर दुसऱ्याची भूक परकी कशी? वैश्वदेव झाल्यावर दारात अतिथी आहे का, हे पाहूनच गृहस्थाने पानावर बसावे, हा प्रघात याच भावनेशी जुळतो.

आपल्या शाळेत श्लोक खणखणीत होतो. तो संपताच, कोणाच्या पुढ्यात डबा नाही, हे वर्गशिक्षिका पाहतात. मोठ्याने विचारत मात्र नाहीत.