राजधानीची बदली

भोपाळात सहा नंबर स्टॉप आहे, सात नंबर स्टॉप आहे, आणि या दोघांच्या मध्ये चक्क साडेसहा नंबर स्टॉपही आहे! रिक्षावाल्याला नुसतं "साढे छह" म्हटलं की तो बरोबर नेऊन सोडतो. इकडे ११०० क्वार्टर्स, तिकडे १२५० क्वार्टर्स, शिवाय ७४ बंगले आणि ४५ बंगले. जितकी घरं बांधली तो आकडा हेच वस्तीचं नाव. कोड लिहिताना नाव सुचलं नाही की आपण 'टेम्प १', 'टेम्प २' करून ठेवतो ना, आणि मग तेच कायम होतं, तसलाच प्रकार :)

एका सरकारी प्रोजेक्टच्या निमित्ताने मी दोन वर्षं या शहरात राहिलो. पुण्यात रोज दीड-दोन तास ट्रॅफिकमधे घालवणाऱ्या माणसाला भोपाळ म्हणजे सुखच. घरून ऑफिसला बारा मिनिटं. दुपारी घरी जेवायला जाणारे सहकारी मी आयुष्यात पहिल्यांदा तिथे पाहिले. रस्ते रुंद, झाडं भरपूर, आणि संध्याकाळी बडा तालाबच्या काठावर फुकटातला सूर्यास्त. आणखी काय पाहिजे?

पण हे 'आपोआप' झालेलं नाही. मी नागपूरचा, त्यामुळे भोपाळबद्दल एक वाक्य लहानपणापासून ऐकत आलो होतो - "आपलं सचिवालय तिकडे नेलं." शहराची बदली होते म्हणजे नक्की काय होतं, हे समजून घ्यायला मी तिथल्या शनिवार-रविवारी वाचायला लागलो. त्यातून जे हाती लागलं ते लिहितोय.

तर गोष्ट १९५६ सालची. तोपर्यंत 'मध्य प्रदेश' याचा अर्थ वेगळा होता. इंग्रजांचा जुना मध्य प्रांत आणि वऱ्हाड, त्यालाच १९५० पासून मध्य प्रदेश म्हणत आणि त्याची राजधानी होती नागपूर. १८६१ साली प्रांत तयार झाला तेव्हापासून. या राज्यात हिंदी आणि मराठी दोन्ही भाषांतून कारभार चाले. मग भाषावार प्रांतरचना आली. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा, यवतमाळ, अमरावती, अकोला आणि बुलढाणा हे आठ मराठी जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले. उरलेले हिंदी जिल्हे, मध्य भारत, विंध्य प्रदेश, छोटंसं भोपाळ राज्य आणि राजस्थानातला सिरोंजचा तुकडा, असं सगळं एकत्र करून नवा मध्य प्रदेश तयार झाला. सुमारे ४.४३ लाख चौरस किलोमीटर! २००० पर्यंत क्षेत्रफळाने देशातलं सगळ्यात मोठं राज्य हेच होतं.

आता प्रश्न असा की या अजस्र राज्याची राजधानी कुठे? नागपूर तर राज्याबाहेर गेलेलं. मध्य भारताच्या आधीच दोन राजधान्या होत्या, हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर. विंध्य प्रदेशाची होती रीवा. महाकोशलातलं मोठं शहर जबलपूर, आणि राज्य पुनर्रचना आयोगाने शिफारसही जबलपूरचीच केलेली. आणि मिळाली कोणाला, तर ग्वाल्हेर, इंदूर आणि जबलपूर यांच्यापेक्षा लहान असलेल्या भोपाळला. १९५१ च्या जनगणनेत भोपाळची वस्ती होती फक्त लाखाच्या थोडी वर. त्याच वेळी नागपूर साडेचार लाखांच्या आसपास होतं.

का, याची कारणं बरीच दिली जातात. जागा राज्याच्या साधारण मध्यावर, रेल्वेच्या मुख्य मार्गावर. नवाबाच्या काळातल्या मोठ्या इमारती तयार होत्या आणि सरकारच्या ताब्यातली मोकळी जमीन भरपूर होती. भोपाळ संस्थान भारतात विलीन व्हायला १९४९ उजाडलं होतं, तेव्हा तिथे राज्याचा कारभार नेऊन ठेवणं राजकीयदृष्ट्याही सोयीचं होतं. पण मला सगळ्यात पटणारं कारण साधं आहे. मोठी शहरं एकमेकांना जिंकू द्यायला तयार नसली की लहानाचा नंबर लागतो.

आणि बाकीच्यांची समजूत कशी काढली? तर राजधानीचे तुकडे करून! हायकोर्ट जबलपूरला, लोकसेवा आयोग इंदूरला, महसूल मंडळ आणि महालेखापालांचं कार्यालय ग्वाल्हेरला. भोपाळला आलं सचिवालय आणि विधानसभा. म्हणजे आपल्या भाषेत ही चांगली 'डिस्ट्रिब्युटेड सिस्टीम' झाली, फक्त निरोप पोचवायचं काम आगगाडीकडे होतं. जबलपूर भोपाळपासून तीनशेहून जास्त किलोमीटर लांब. सरकारविरुद्ध दाद मागायची तर सरकार एका गावात आणि न्यायमूर्ती दुसऱ्या. आजही ही वाटणी तशीच आहे. आमच्या प्रोजेक्टमधेही मीटिंग भोपाळला आणि शेवटची सही दुसऱ्याच शहरात, असं व्हायचं. आमच्या टीममधला एक दिल्लीकर यावर फार वैतागायचा. त्या वैतागाचं मूळ १९५६ च्या तडजोडीत होतं हे त्याला कोण सांगणार?

गंमत म्हणजे ज्या शहराला राज्याची राजधानी केलं ते जिल्ह्याचं ठिकाणसुद्धा नव्हतं. भोपाळ तेव्हा सीहोर जिल्ह्यात होतं. वेगळा भोपाळ जिल्हा झाला १९७२ साली. म्हणजे सोळा वर्षं राज्याच्या राजधानीचा जिल्हा सीहोर!

हे झालं वरच्या पातळीवरचं. मला जास्त रस आहे तो खालच्या पातळीत, म्हणजे कारकुनांत. कारण सचिवालय हलतं म्हणजे काय हलतं? फायली, कपाटं, टाइपरायटर आणि ते चालवणारी माणसं. राज्य पुनर्रचना कायद्यात ११५ वं कलम आहे, सरकारी नोकरांच्या वाटपाचं. कोण कुठल्या राज्याकडे जाणार याचा शेवटचा निर्णय केंद्राच्या हातात होता, आणि नोकरीच्या आधीच्या अटी केंद्राच्या मंजुरीशिवाय कर्मचाऱ्याच्या तोट्याच्या करता येणार नाहीत असं संरक्षणही त्यात होतं. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात चार राज्यांचे वेगवेगळे पगार, वेगवेगळी पदनामं आणि वेगवेगळे नियम एकात मिसळायचे होते. ग्वाल्हेरचा 'अमुक' हा नागपूरच्या 'तमुक'च्या बरोबरीचा की खालचा? यावर ज्येष्ठतेच्या याद्या झाल्या, त्यांवर हरकती झाल्या, आणि त्यावरचे खटले पुढे कित्येक वर्षं कोर्टात चालले. ज्याने कोणी दोन कंपन्यांचं मर्जर एचआरच्या बाजूने बघितलंय त्याला हे वेगळं सांगायला नको.

त्यातून नागपूरहून गेलेल्या मराठी माणसाची अवस्था बघा. नागपूरला घर, शेजार, मुलांची मराठी शाळा, गणपती, नाटकं. गेलं की फाइल हिंदीतून, मुलांची शाळा हिंदीतून, आणि गाव कसलं तर गल्लीबोळांचं जुनं नवाबी शहर. तिथे घरंच पुरेशी नव्हती. नागपूर-भोपाळ रेल्वेने चारशेच्या जरा आत, मधे इटारसी. हा काही देशोधडीचा प्रवास नव्हे हे मान्य, फाळणीतून जे होरपळले त्यांच्यापुढे तर काहीच नाही. पण पगारावर जगणाऱ्या माणसाला विचारून तर कोणी हे केलं नव्हतं. भोपाळातल्या मराठी मंडळींमधे आजही असे आजोबा-पणजोबा निघतात, जे 'सचिवालयाबरोबर आले'. गावाबरोबर नाही, नातेवाइकांबरोबर नाही, सचिवालयाबरोबर!

त्यांच्यासाठी मग नवं भोपाळ बांधलं गेलं. तळ्यांच्या दक्षिणेला, अरेराच्या टेकड्यांच्या बाजूला. तात्या टोपे नगर, ज्याला सगळे टी. टी. नगर म्हणतात, ते यातलंच. क्वार्टर्सना अक्षरं दिली गेली. अक्षर जितकं पुढचं, घर तितकं लहान. एफ टाइपवाला आणि आय टाइपवाला यांच्यातलं अंतर कोणालाही समजावून सांगावं लागत नसे. सचिवालयासाठी १९६० च्या दशकात वल्लभ भवन उभं राहिलं, शेजारच्या इमारतींना सातपुडा आणि विंध्याचल अशी पर्वतांची नावं मिळाली. विधानसभा मात्र १९९६ पर्यंत मिंटो हॉलमधे, म्हणजे बेगमांच्या काळातल्या इमारतीतच भरत होती. पूर्वेला गोविंदपुऱ्याकडे हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना आणि त्याची वसाहत झाली, नोव्हेंबर १९६० मधे नेहरूंनी त्याचं उद्घाटन केलं. १९६१ च्या जनगणनेत भोपाळची वस्ती सव्वादोन लाखांच्या घरात गेली. दहा वर्षांत दुपटीहून जास्त.

आणि इथेच शहराचे दोन भाग पडले. तळ्याच्या दक्षिणेला सरकारचं शहर, आखलेलं, झाडांचं, नंबरांचं. उत्तरेला जुनं शहर, मशिदी, बाजार, पटियांवर रात्री उशिरापर्यंत रंगणाऱ्या गप्पा आणि "को खां" म्हणून मारलेली हाक. रेल्वे स्टेशनही तिकडेच. कामाच्या शोधात येणारा गरीब माणूस, ज्याला कुठलंच अक्षर मिळालं नव्हतं, तो साहजिकच तिकडे राहिला. स्टेशनच्या आसपास, कारखान्यांच्या भिंतीला लागून. त्यातला एक कारखाना १९६९ साली सुरू झाला. युनियन कार्बाइडचा.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. पण नकाशा समोर ठेवून ती रात्र वाचली की वेगळंच काही दिसतं. कारखान्यापासून न्यू मार्केट सरळ रेषेत पाच-सहा किलोमीटर. वायू आधी भिंतीलगतच्या झोपड्यांत शिरला, मग स्टेशन, मग जुनं शहर. तेव्हाच्या ५६ पैकी ३६ वॉर्ड पुढे 'वायुपीडित' ठरले. त्यातून सुटलेला भाग मुख्यतः कोणता? नवं भोपाळ आणि भेलची वसाहत. मृतांचा सरकारी आकडा पुढे ५,२९५ झाला, तिथल्या संघटना त्याच्या कितीतरी पट सांगतात. वारा काही कोणाचा टाइप विचारून वाहत नाही, हे खरं. पण भिंतीला लागून कोण राहतं आणि टेकडीजवळ कोण, हे वाऱ्याने ठरवलेलं नव्हतं. ते तीस वर्षांपूर्वीपासून ठरत आलं होतं. कारखान्याच्या आवारात पडून राहिलेला ३३७ टन कचरा तिथून हलायला जानेवारी २०२५ उजाडलं. तोही बारा कंटेनर भरून पीथमपूरला, म्हणजे दुसऱ्यांच्या अंगणात.

मी तिथे असताना एक गोष्ट लक्षात आली होती. दक्षिणेच्या भागात राहून, तिथेच काम करून, तिथेच बाजारहाट करून माणूस वर्षानुवर्षं तळं न ओलांडता मजेत जगू शकतो. माझे काही सहकारी तसेच जगत होते. तो त्यांचा दोष नाही, शहर तसं बांधलंय. ज्या सुखाचं मी सुरुवातीला कौतुक केलं, ती बारा मिनिटं, ती झाडं, ते दुपारचं घरचं जेवण, ते सगळं या आखणीतून आलेलं आहे. आणि त्या आखणीत कोण मोजलं गेलं नव्हतं तेही तिथल्या नकाशावर स्पष्ट दिसतं.

नागपूरचं काय झालं? सचिवालय गेलं, हायकोर्ट जबलपूरला गेलं (नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश हिदायतुल्ला तेच पुढे जबलपूरला मुख्य न्यायाधीश झाले), नागपूरला मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ उरलं. नागपूर कराराप्रमाणे १९६० पासून विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन येऊ लागलं. काही आठवडे शहर राजधानी होतं आणि मग पुन्हा आपलं आपलं. दोन्ही शहरांत 'जुनं सचिवालय' नावाची इमारत आहे. नागपूरचं जुनं झालं कारण सरकारच निघून गेलं, आणि भोपाळचं जुनं झालं कारण सरकार मोठं झालं.

हा खेळ तिथेच संपला नाही. १ नोव्हेंबर २००० ला, बरोब्बर त्याच तारखेला, छत्तीसगड वेगळं झालं. राजधानी रायपूर, हायकोर्ट बिलासपूर. पुन्हा कर्मचाऱ्यांचं वाटप, पुन्हा याद्या, आणि या वेळी भोपाळातल्या लोकांनी सामान बांधलं. फॉर्म्युला तोच, माणसं वेगळी.

आणि ती १९५६ नंतरची क्वार्टर्स? स्मार्ट सिटीसाठी आधी शिवाजी नगर आणि तुलसी नगरची जागा ठरली होती. तिथली झाडं तोडायला लोकांनी २०१६ साली जोरदार विरोध केला, मग योजना टी. टी. नगरला हलवली आणि तिथली जुनी सरकारी घरं पाडली गेली. झाडांसाठी लोक रस्त्यावर उतरले याचा मला आनंद आहे. साठ वर्षांपूर्वी माळावर राहायला आलेल्या कोणा कारकुनाच्या बायकोनेही त्यातली काही लावली असतील.

आपण नोकरीसाठी शहर बदलतो तेव्हा पगार, भाडं आणि ट्रॅफिक बघतो. बघावंच. पण त्याबरोबर एक प्रश्न विचारून पाहा: हे शहर कोणाच्या सोयीसाठी इथे आणलं गेलं, आणि त्याच्या कुठल्या बाजूला आपल्याला घर मिळालंय? भोपाळात माझं घर दक्षिणेला होतं. उत्तर मिळायला मला तळं ओलांडावं लागलं.

असो. बराच मोठा झाला लेख. भोपाळला गेलात तर न्यू मार्केट बघाच, पण एक अख्खी संध्याकाळ चौकातल्या गल्ल्यांसाठी ठेवा.