उष्टावणाची गोडी आणि आपला जिल्हा

बाळ सहा महिन्यांचे झाले की त्याच्या जिभेला आईच्या दुधाखेरीज पहिला घास लावायचा, हा उष्टावणाचा विधी महाराष्ट्रात सर्वत्र आहे. अहमदनगर जिल्ह्यात (२०२४ पासून त्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे) आमच्या कॅथोलिक घरांतही तो रुळलेला आहे. मामाच्या मांडीवर बाळ, चांदीची नाहीतर स्टीलची वाटी, आणि वाटीत खीर. खीर नसली तर दूध-साखर, तीही नसली तर गुळाचा खडा. पहिला घास गोड का, हे कोणी विचारत नाही. आयुष्य गोड जावे, इतके उत्तर आजीला पुरते.

आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातही असा एक गोड घास होऊन गेला आहे. तिसऱ्या शतकाच्या आरंभी उत्तर आफ्रिकेतील तर्तुल्यनने लिहून ठेवले आहे की, स्नानसंस्काराच्या कुंडातून वर आलेल्यास दूध आणि मध यांचे मिश्रण चाखवीत. हिप्पोलितसच्या नावावर असलेल्या ‘प्रेषितीय परंपरा’ या ग्रंथातही नवस्नातांना दूध-मधाचा प्याला देण्याचा विधी सांगितला आहे. वचनदत्त भूमी दुधामधाने वाहणारी असे निर्गमाच्या पुस्तकात म्हटले आहे. तिच्या उंबरठ्यावर पाऊल पडल्याची ती खूण होती. नवस्नात माणूस वयाने कितीही मोठा असला तरी तो त्या दिवशी तान्हे बाळच मानला जाई. पुढे ही रीत मागे पडली. मग लॅटिन विधीनुसार बाळाच्या जिभेवर धर्मगुरू आशीर्वादित मिठाचा कण ठेवीत. १९६९ साली बालकांच्या स्नानसंस्काराचा नवा विधी आला आणि मीठही गेले. म्हणजे आज साठीच्या पुढे गेलेल्या आमच्यापैकी बहुतेकांच्या जिभेला धर्माने दिलेली पहिली चव गोड नव्हती, खारट होती.

ज्या काळात ही गोडाची खूण अर्थपूर्ण होती, त्या काळी गोड दुर्मीळ होते, हे ध्यानात घेतले पाहिजे. आपल्या जिल्ह्याचा मोठा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. बाजरी आणि ज्वारी हे येथील अन्न. गूळ सणासुदीला आणि बाळंतिणीला. गावकुसाबाहेरच्या वस्त्यांत, जिथून आमच्या अनेक कुटुंबांचे पूर्वज ख्रिस्ती झाले, तिथे तर बाळाच्या जिभेवरचा गुळाचा खडा म्हणजे खरोखरीच मेजवानी.

हे चित्र पाण्याने पालटले. प्रवरा नदीवरील भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले, कालवे वाहू लागले, बाजरीच्या रानांत ऊस उभा राहिला. हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना निघाला. मतमाउलीच्या यात्रेसाठी भाविकांची रीघ लागते तेच हे हरेगाव. पुढे १९५० साली लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा सहकारी कारखाना उभा राहिला, आणि पाहता पाहता आपला जिल्हा साखरेचा जिल्हा झाला. सणाची वस्तू रोजच्या चहात आली. खूण मात्र जुनीच राहिली. वर्षातून दोनदा गोड खाणाऱ्या घरात बाळाला दिलेला खडा आणि रोज सहा कप चहा होणाऱ्या घरात दिलेला चमचा, यांत फरक असतो.

त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जामखेडला, साखरेचा निराळाच धडा लिहिला गेला. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य तिथे येऊन राहिले. त्या सुमारास त्या भागात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १७६ वर्षाच्या आत दगावत. हगवणीने शरीरातले पाणी आटे, आणि आईच्या दुधाला अन्नाची जोड वेळेवर न मिळाल्याने पोर वाळत जाई. आरोळ्यांनी गावोगावच्या बायकांना, त्यांतल्या अनेक निरक्षर आणि दलित, ग्राम आरोग्य सेविका म्हणून तयार केले. घरातलीच भाकरी आणि डाळ मऊ करून बाळाला भरवावी, हे त्यांनी शेजारणींना पटवले. आणि हगवण लागली की स्वच्छ पाण्यात चिमूटभर मीठ व थोडा गूळ किंवा साखर घालून ते पाजायचे. या पाण्यातली साखर चवीसाठी नसते. आतड्यातून मीठ आणि त्यामागोमाग पाणी शरीरात ओढून नेण्याचे काम ती करते. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर हजारोंचे प्राण वाचवले होते. जामखेडचा बालमृत्युदर १९९३ पर्यंत १९ वर आला. आमच्या मते या जिल्ह्यात साखरेचा याहून मोठा सन्मान झालेला नाही.

उष्टावणाच्या चमच्यातल्या साखरेला मात्र असे काही काम नसते. आईचे दूध मुळातच गोड; शंभर मिलिलिटरात सुमारे सात ग्रॅम दुग्धशर्करा असते. गोडाची आवड घेऊनच मूल जन्मते, ती शिकवावी लागत नाही. शिकवावी लागते ती पालकाची, डाळीची, भोपळ्याची चव, आणि तीही पुन्हा पुन्हा भरवून. पहिल्या चवीला तोंड वेडेवाकडे करणारे बाळ आठव्या-दहाव्या खेपेला तेच मुकाट्याने खाते. सहाव्या महिन्यानंतर त्याला लोह हवे असते. ते साखरेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दोन वर्षांखालील बालकांना गोड पेये देऊ नयेत असे स्पष्ट सांगितले आहे. मधाचे तर विशेष: त्यातील जीवाणूंच्या बीजांमुळे तान्ह्यांना पक्षाघातासारखा आजार होऊ शकतो हे ठाऊक आहे, म्हणून वर्षाच्या आत मध चाटवणे नको. तर्तुल्यनच्या काळची रीत भक्तीपूर्वक वाचावी, घरी करू नये.

दुकानातल्या डब्यांवर फार विसंबू नये. २०२४ साली एका स्विस संस्थेने अहवाल दिला की, एका जगप्रसिद्ध कंपनीच्या भारतात विकल्या जाणाऱ्या बाळखाद्यात दर खेपेमागे सरासरी सुमारे तीन ग्रॅम वरून घातलेली साखर आहे. सहा महिन्यांच्या बाळांसाठीचे तिचेच खाद्य युरोपातील काही देशांत साखरेविना मिळते.

पाथर्डी-जामखेडकडची कुटुंबे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मुकादमाची उचल घेतलेली असते, त्यामुळे अंगावरचे पोर बरोबर न्यावेच लागते. सहावा महिना कोपीतच सरला तर उष्टावणही कोपीतच. आई पहाटे कोयता घेऊन फडात जाते. बाळाजवळ सहा-सात वर्षांची बहीण असते, आणि तिच्या हाताशी चहा आणि त्यात बुडवलेले बिस्कीट. सभोवार नजर पोचेल तिथवर ऊस असतो. डाळ शिजवायला कोणी नसते.