देवाचे शेत : हेर्नहूटच्या मंडळीची उपासना

जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतात, हुटबेर्ग या टेकडीच्या पायथ्याशी वसलेले हेर्नहूट हे मोरावियन चर्चचे मायगाव असले, तरी त्या चर्चची परंपरा गावाहून बरीच जुनी आहे. यान हुस या चेक धर्मसुधारकाला १४१५ साली जिवंत जाळण्यात आल्यानंतर त्याच्या विचारांना मानणाऱ्या काहींनी १४५७ मध्ये बोहेमियातील कुनवाल्ड येथे बंधुसंघ स्थापन केला; शिक्षणशास्त्रज्ञ म्हणून ओळखला जाणारा कोमेनियस हा याच संघाचा बिशप. सतराव्या शतकात बोहेमिया-मोरावियात प्रॉटेस्टंटांवर बंदी आल्यावर संघाचे अनुयायी लपूनछपून टिकून राहिले. त्यांच्यापैकी काही कुटुंबे १७२२ साली सीमा ओलांडून आली, तेव्हा काउंट झिन्झेनडॉर्फ या तरुण जहागीरदाराने त्यांना आपल्या जमिनीवर आश्रय दिला आणि तेथेच हेर्नहूट वसले.

पहिली पाच वर्षे वादावादीत गेली. १३ ऑगस्ट १७२७ रोजी शेजारच्या बेर्थेल्सडॉर्फच्या चर्चमध्ये झालेल्या प्रभुभोजनात, म्हणजे भाकर व द्राक्षारस यांच्या पवित्र विधीत, ही दुरावलेली माणसे पुन्हा एक झाली आणि त्याच महिन्यात चोवीस पुरुष व चोवीस स्त्रियांनी दिवसरात्रीचा एकेक तास वाटून घेऊन अखंड प्रार्थनेचा पहारा सुरू केला, जो शंभराहून अधिक वर्षे चालला. पुढल्या वर्षापासून रोजचे एक वचन घरोघरी पोचवले जाऊ लागले. १७३१ पासून छापल्या जाणाऱ्या या वचनसंग्रहासाठी बायबलच्या जुन्या करारातील वचने आजही हेर्नहूटमध्ये चिठ्ठ्या काढून ठरवली जातात. संध्याकाळच्या गीतसभेत प्रवचन नसेच. चालक निरनिराळ्या गीतांतील कडवी एका विषयाच्या धाग्यात ओवून सुरू करी आणि मंडळी ती तोंडपाठ उचलून धरी. श्रद्धा बुद्धीपेक्षा कंठात अधिक रुजते, हे या लोकांनी फार लवकर ओळखले होते.

वय, लिंग आणि वैवाहिक स्थिती यांनुसार मंडळीचे गट पाडलेले असत. त्यांना ‘कोर’ म्हणत, आणि स्त्रीच्या टोपीच्या फितीवरून तिचा कोर ओळखू येई : अविवाहितेची फीत गुलाबी, विवाहितेची निळी, विधवेची पांढरी.

ही विभागणी मृत्यूनंतरही सुटत नसे. हुटबेर्गच्या उतारावरील दफनभूमीला ‘देवाचे शेत’ म्हणतात, कारण तेथे देह पुरला जात नाही, तर पुनरुत्थानासाठी पेरला जातो, अशी धारणा आहे. पुरुष एका बाजूस, स्त्रिया दुसऱ्या बाजूस, ज्या क्रमाने मरण आले त्या क्रमाने; पती-पत्नीही शेजारी नाहीत. जमिनीलगत आडव्या ठेवलेल्या साध्या दगडांवर मोजका मजकूर असतो, कारण माणसाची खरी कहाणी त्याने स्वतः लिहून ठेवलेल्या आत्मचरित्रातून अंत्यविधीच्या वेळी वाचली जाई. अशी हजारो आत्मचरित्रे गावच्या दप्तरखान्यात जपलेली आहेत आणि सुतार, विणकर, मोलकरणी यांचा एवढा आतला आवाज अठराव्या शतकातील युरोपात इतरत्र क्वचितच सापडेल. समतेच्या या शेतात मधल्या वाटेवरच्या झिन्झेनडॉर्फ घराण्याच्या शिळा तेवढ्या मोठ्या व उंच आहेत. जहागीरदारी पूर्णपणे विरघळली नव्हती, हे त्या स्पष्ट सांगतात.

१७३२ च्या ईस्टरला काही अविवाहित तरुण सूर्योदयापूर्वी या कबरींपाशी येऊन गायले आणि त्यातूनच मोरावियन मंडळ्यांची जगभरची ईस्टर-पहाटेची उपासना जन्मली. अजूनही त्या पहाटे मंडळी पितळी वाद्यांच्या साथीने टेकडी चढते, मागच्या ईस्टरनंतर निवर्तलेल्यांचे स्मरण करते आणि त्या आडव्या दगडांच्या मध्ये उभी राहून उजाडण्याची वाट पाहते.