बँडचा गणवेश

शाळेच्या बँडसाठी नवे गणवेश घ्यावयाचे ठरले, म्हणजे मुख्याध्यापकांच्या टेबलावर कापडाचे नमुने मांडले जातात. कोट तांबडा असावा की निळा, खांद्यावर जरीची फीत लावावी की नको, कमरेला रंगीत पट्टा हवा की पांढरा, यावर शिक्षक आणि पालक यांचा बराच वेळ खल चालतो. अखेर शिंपी आकडा सांगतो आणि खोली एकदम शांत होते. हा प्रसंग वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु त्यातील प्रत्येक प्रश्नाला दोन-अडीचशे वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासात रंगाचा प्रश्न आणि पैशाचा प्रश्न एकमेकांपासून फारसे दूर गेलेले नाहीत.

युरोपातील लष्करी बँडला भपका आला तो बऱ्याच अंशी तुर्कांकडून. तुर्की सुलतानाच्या जानिसारी पलटणींबरोबर मोठे ढोल, नगारे, झांजा आणि सनया वाजत. अठराव्या शतकात युरोपातील राजांनी ही वाद्ये आपल्या सैन्यात घेतली आणि वाद्यांच्या पाठोपाठ पोशाखही आला. इंग्रजांच्या पलटणींत आफ्रिकी वंशाच्या वादकांना पागोटी व भरजरी अंगरखे घालून ढोल-झांजांवर उभे करीत. ती हौस होती आणि प्रदर्शनही होते.

मात्र वादकाच्या वेगळ्या वेषाला व्यवहाराचा आधारही होता. रणांगणावर अधिकाऱ्याचा हुकूम ढोलाच्या ठोक्यांनी सैनिकांपर्यंत पोहोचे. बंदुकांच्या धुरात ढोलवाला चटकन दिसला पाहिजे. इंग्लंडच्या १७५१ सालच्या राजाज्ञेने बहुतेक पलटणींतील ढोलवाल्यांचे रंग उलटे ठरविले होते. पलटणीचा कोट तांबडा आणि त्याच्या बाह्यांच्या कडा पिवळ्या असतील, तर ढोलवाल्याचा कोटच पिवळा असे.

या कापडाचे पैसे कोण देई? सैनिकाच्या पगारातूनच कपड्यासाठी रक्कम कापली जाई आणि ती पलटणीच्या कर्नलच्या हाती पडे. कापड-व्यापाऱ्याशी सौदा कर्नल करी. सौद्यात जे उरे ते त्याचे. ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालली. बँडचा खर्च तर सरकार फारसा पाहतच नसे. तो अधिकाऱ्यांच्या वर्गणीवर अवलंबून असे. म्हणून बँडचा थाट पाहून पलटणीच्या शौर्याची नव्हे, तर तिच्या अधिकाऱ्यांच्या ऐपतीची कल्पना येई.

भारतीय दरबारांना वाद्ये आणि मानमरातब यांचे नाते नवीन नव्हते. नगारा आणि चौघडा ही राजचिन्हेच होती. तंजावरच्या मराठी गादीवर १७९८ ते १८३२ या काळात असलेल्या दुसऱ्या सरफोजी राजांनी पाश्चात्त्य वाद्यांचा बँड बाळगला, तेव्हा नव्या वाद्यांना जुनाच मान मिळाला. पुढे अनेक संस्थानिकांनी असे बँड उभारले.

दरम्यान याच देशात रंगाच्या इतिहासाला कलाटणी मिळाली. १८४६ साली पेशावर येथे लम्सडेन या अधिकाऱ्याने 'गाईड्स' हे पथक उभारले आणि लवकरच त्याच्या सैनिकांना धुळीच्या रंगाचे कपडे मिळाले. फारसीत धुळीला 'खाक' म्हणतात, त्यावरून 'खाकी'. लांब पल्ल्याच्या बंदुका आल्यावर तांबडा कोट म्हणजे शत्रूला आयते निशाण ठरला. १९०२ साली ब्रिटिश सैन्याने मायदेशातील सेवेसाठीही खाकीच रंग स्वीकारला. ज्याला ओळखू येण्यासाठी रंग दिला, त्याचेच आता न दिसण्यात हित होते. युद्धाला नकोसा झालेला रंग समारंभापुरता उरला आणि तो प्रामुख्याने बँडच्या अंगावर राहिला. शाळकरी मुलाच्या खांद्यावरील फीत ही त्या वारशाचीच खूण होय.

शाळांत हा पोशाख मोठ्या प्रमाणावर रुळला तो अमेरिकेत. पहिल्या महायुद्धानंतर लष्करातील अनेक वादक शाळांतून शिकवू लागले. १९२३ साली शिकागो येथे शालेय बँडची राष्ट्रीय स्पर्धा झाली. तिच्यामागे वाद्ये बनविणाऱ्या कारखानदारांचा पुढाकार होता. मेरेडिथ विल्सन यांच्या 'द म्युझिक मॅन' या १९५७ सालच्या संगीतिकेत या व्यापाराची मार्मिक थट्टा आहे. एक ठक लहान गावात येतो आणि संगीताचे ज्ञान नसताना पालकांना वाद्ये व गणवेश विकतो. शेवटी मुले कसेबसे सूर काढतात. पण गणवेशातील आपले मूल पाहून आईबाप हरखून जातात. ठकाने कापड विकले, पालकांनी मात्र अभिमान विकत घेतला.

तो अभिमान खोटा नसतो. सर्वांचा एक रंग झाला की ओळीत वकिलाचा मुलगा कोणता आणि हमालाचा कोणता, हे पाहणाऱ्याला कळत नाही. परंतु तोच कोट ज्याने त्याने आपल्या पैशाने शिवावा असे ठरले, तर हमालाचा मुलगा ओळीत येतच नाही. मग वादकाची निवड संगीतशिक्षक करीत नाही. शिंप्याचे बिल करते. पगारातून कापून घेतलेल्या कोटाचा जुना अन्याय अशा वेळी मुलांच्या वाट्याला येतो.

यावर अनेक शाळांनी साधा उपाय योजला आहे. गणवेश शाळेचा असतो, मुलाचा नव्हे. तो आत भरपूर दाब ठेवून शिवतात, म्हणजे यंदाच्या उंच मुलाचा कोट पुढल्या वर्षी दुसऱ्याच्या अंगास बसविता येतो. संचलन संपले की तो कपाटात जातो. अशा कोटावर जरी थोडी कमी असली, तरी चालते. नमुने निवडताना टेबलाभोवती बसलेल्यांनी रंगाआधी एवढेच विचारावे, की या कापडात शाळेतील सर्वांत गरीब मुलगा ढोल घेऊन उभा राहू शकेल काय?