फंक्शन कॉल म्हणजे काय? आणि व्हर्च्युअल मशीनच्या नियमपुस्तकात त्याची नोंद इतकी बारकाईने का करतात?

गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली उपविभागातल्या सुमारे ६५ हजार जातीच्या दाखल्यांची नोंद २०२२ मध्ये पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर करण्यात आली. लेजिटडॉक नावाच्या कंपनीच्या मदतीने हा उपक्रम झाला. बनावट दाखला चटकन पकडता यावा, हा त्यामागचा हेतू. चर्चा झाली ती 'ब्लॉकचेन' या शब्दाची. पण पॉलिगॉनवर ठेवलेला कुठलाही प्रोग्राम प्रत्यक्षात चालवते ती 'इथेरियम व्हर्च्युअल मशीन', म्हणजेच ईव्हीएम. या मशीनला सगळ्या मिळून दीडशेच्या आसपास सूचना कळतात. त्यातल्या सर्वात जास्त घोळ घालणाऱ्या सूचनेचं नाव आहे 'कॉल'.

आधी व्हर्च्युअल मशीन समजून घेऊ

खऱ्या प्रोसेसरची भाषा कंपनीप्रमाणे आणि मॉडेलप्रमाणे बदलते. त्यावर उपाय म्हणून एक काल्पनिक प्रोसेसर कागदावर ठरवतात आणि त्याची नक्कल करणारं सॉफ्टवेअर प्रत्येक संगणकावर बसवतात. हीच व्हर्च्युअल मशीन. छत्रपती संभाजीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विंडोज संगणकावर तयार केलेली जावाची फाईल पुण्यातल्या लिनक्स सर्व्हरवर जशीच्या तशी चालते, ती यामुळेच. त्या फाईलमध्ये असतो बाइटकोड, म्हणजे त्या काल्पनिक प्रोसेसरच्या सूचनांची यादी.

हा प्रोसेसर कारखान्यात बनत नाही. त्याचं वर्णन हेच त्याचं मूळ रूप. त्यामुळे वर्णनात एखादी गोष्ट धूसर राहिली, तर एक टीम मशीन एका प्रकारे बांधते आणि दुसरी टीम दुसऱ्या प्रकारे. ब्लॉकचेनवर असं झालं तर हजारो संगणकांचा आपसात हिशोबच जुळत नाही.

बेरीज-वजाबाकीच्या सूचनेचं वर्णन दोन ओळींत आटोपतं. फंक्शन कॉलचं तसं नाही. प्रोग्रामचा एक भाग आपलं काम अर्धवट ठेवून दुसऱ्या भागाला म्हणतो, "हे घे, एवढं करून दे, मी थांबतो." म्हणजे काय दिलं, कुठे ठेवलं, परत काय आलं, आणि समोरचा मध्येच कोसळला तर काय, हे सगळं लिहून ठेवावं लागतं.

जावाची पद्धत

जावाच्या मशीनमध्ये फंक्शन बोलावण्याच्या पाच सूचना आहेत. त्यांचे क्रमांक १८२ ते १८६. त्यातली 'इन्व्होकडायनॅमिक' २०११ मध्ये जावा ७ सोबत आली. अधिकृत नियमपुस्तकात प्रत्येक सूचनेला ठरलेला साचा आहे: सूचना काय करते, ती किती बाइटची आहे, स्टॅकवर आधी काय असतं, नंतर काय उरतं, आणि कोणकोणत्या चुका होऊ शकतात. स्टॅक म्हणजे पंगतीतल्या ताटांची चवड. ठेवायचं वरच आणि काढायचंही वरूनच.

या नोंदी प्रामाणिक असतात. 'इन्व्होकइंटरफेस' या सूचनेत एक आकडा द्यावा लागतो. तो अनावश्यक आहे, ती माहिती दुसरीकडून मिळतेच आणि हे केवळ जुन्या काळापासून चालत आलं आहे, असं नियमपुस्तक स्वतःच सांगतं. त्यानंतरचा बाइट तर कायम शून्यच ठेवायचा. नवख्याला हा विनोद वाटेल. पण कारण लिहिलेलं असल्यामुळे तो बाइट कुणी उत्साहाने वापरायला जात नाही.

ईव्हीएमचा कॉल

ईव्हीएमचं औपचारिक वर्णन गॅविन वूड यांनी २०१४ मध्ये लिहिलं. ते 'यलो पेपर' म्हणून ओळखलं जातं. त्याच्या परिशिष्टात सूचनांचा तक्ता आहे. त्यात सूचनेचा क्रमांक, नाव, स्टॅकवरून किती गोष्टी उचलल्या, किती परत ठेवल्या, आणि मग वर्णन. कॉलचा क्रमांक २४१. ती सात गोष्टी उचलते आणि एक ठेवते.

त्या सात गोष्टी अशा: किती गॅस द्यायचा (गॅस म्हणजे कामाची मजुरी), कोणाचा पत्ता, सोबत किती रक्कम, पाठवायचा मजकूर मेमरीत कुठे सुरू होतो, तो किती लांब आहे, उत्तर कुठे ठेवायचं आणि त्यासाठी किती जागा. हा क्रम बदलून चालत नाही. गॅसचा आकडा सगळ्यात वर हवा.

आणि परत येते ती एक गोष्ट? काम झालं तर १, फसलं तर ०.

इथेच जावा आणि ईव्हीएमची वाट वेगळी होते. जावात अस्तित्वात नसलेल्या वस्तूवर फंक्शन बोलावलं की मशीन अपवाद फेकते आणि कोणी तो झेलला नाही तर काम जागीच थांबतं. ईव्हीएममध्ये समोरचा प्रोग्राम कोसळला तरी बोलावणारा पुढे चालत राहतो. स्टॅकवर फक्त एक शून्य गपचूप पडलेलं असतं. यामागे विचार आहे. समोरचा प्रोग्राम अनोळखी माणसाने लिहिलेला असू शकतो, तेव्हा त्याच्या चुकीने आपलं काम बंद पडू नये. पण मग ते शून्य बघण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते. 'किंग ऑफ द इथर थ्रोन' या खेळात २०१६ च्या सुरुवातीला हेच नडलं. काही खेळाडूंना जाणारी रक्कम अपुऱ्या गॅसमुळे पोहोचली नाही, आणि प्रोग्रामने ते न तपासता पैसे दिल्याचं गृहीत धरलं.

पत्त्यावर कोणीच नसेल तर?

तर्क सांगतो की शून्य यावं. येतं १.

ज्या पत्त्यावर प्रोग्रामच नाही, तिथे चालवण्यासारखं काही नसतं, त्यामुळे काही फसतही नाही. मशीनच्या दृष्टीने काम यशस्वी! यलो पेपरच्या सूत्रांमधून हा निष्कर्ष निघतो, पण ती सूत्रं इतकी घट्ट विणलेली आहेत की सामान्य प्रोग्रामरला ती वाचवत नाहीत. सॉलिडिटी या भाषेच्या मार्गदर्शिकेत मात्र त्याचा स्पष्ट इशारा आहे: थेट कॉल करण्याआधी पत्त्यावर प्रोग्राम आहे का ते तपासा. नियम बरोबर असणं आणि तो वाचणाऱ्याच्या नजरेस पडणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यलो पेपर दुसऱ्या बाबतीत कमी पडतो.

जानेवारी २०२२ मध्ये 'क्युबिट फायनान्स' या सेवेतून सुमारे ८ कोटी डॉलर गेले ते याच खाचेतून. टोकनचा पत्ता म्हणून शून्य पत्ता दिला गेला. तिथे प्रोग्राम नव्हता, कॉल 'यशस्वी' झाला, आणि पैसे न भरताच पैसे जमा झाल्याची नोंद झाली.

कोणाच्या वहीत लिहायचं?

कॉलची भावंडंही आहेत. २५० क्रमांकाची 'स्टॅटिककॉल' २०१७ मध्ये आली. तिच्यात समोरच्याला फक्त वाचता येतं, काही बदलता येत नाही. खरी अवघड आहे ती २४४ क्रमांकाची 'डेलिगेटकॉल'.

सरकारी कार्यालयाचं उदाहरण घेऊ. साधा कॉल म्हणजे तहसील कार्यालयाने फाईल जिल्हाधिकारी कार्यालयात पाठवणं. तिथले लोक आपल्या वहीत नोंद करतात आणि उत्तर धाडतात. डेलिगेटकॉल म्हणजे तिथला कारकून तहसीलमध्ये बोलावून त्याच्या हाती तहसीलचीच वही देणं. पद्धत त्याची, वही आपली, आणि अर्जदार म्हणून नावही मूळ अर्जदाराचंच. त्याने काही खोडलं तर ते आपलं खोडलं जातं. म्हणून डेलिगेटकॉलच्या नोंदीत सातऐवजी सहाच गोष्टी आहेत. रक्कम वेगळी पाठवायची नसते, मूळ व्यवहाराचीच धरली जाते. याआधीची २४२ क्रमांकाची 'कॉलकोड' मूळ अर्जदाराचं नाव जपत नव्हती, म्हणून ती मागे पडली.

पॅरिटी कंपनीची शेकडो सामाईक पाकिटं अशाच एका प्रोग्रामवर विसंबून होती. सगळ्यांची पद्धत एकाच ठिकाणी ठेवलेली, आणि प्रत्येक पाकीट तिला डेलिगेटकॉलने बोलावत असे. ६ नोव्हेंबर २०१७ रोजी एका वापरकर्त्याने त्या मध्यवर्ती प्रोग्रामची मालकी स्वतःकडे घेतली, कारण ती कोणाच्याच नावावर केलेली नव्हती, आणि तो प्रोग्राम नष्ट केला. त्यानंतर ५८७ पाकिटांमधले ५ लाख १३ हजारांहून अधिक इथर अडकले. पाकिटं शाबूत होती. पण ती रिकाम्या पत्त्याला हाक मारत होती, आणि रिकामा पत्ता काहीच न करता 'झालं' म्हणत होता.

नोंद एकदा करून भागत नाही

सुरुवातीला बोलावणारा आपला सगळा गॅस पुढे देऊ शकत होता. एकात एक कॉलची मर्यादा १०२४. हल्लेखोर आधी स्वतःलाच हजारभर वेळा बोलावून ही मर्यादा गाठत आणणार आणि मग दुसऱ्याच्या प्रोग्रामला हाक मारणार, म्हणजे त्याच्या आतला कॉल हमखास फसणार. ऑक्टोबर २०१६ पासून प्रत्येक पातळीवर चौसष्टावा भाग मागे ठेवणं सक्तीचं झालं, आणि इतक्या खोलवर गॅस पोहोचणंच जवळपास अशक्य झालं. त्याच वेळी कॉलची मूळ मजुरी ४० वरून ७०० वर गेली. एप्रिल २०२१ पासून ती पत्ता त्या व्यवहारात आधी येऊन गेला आहे की नाही यावर ठरते: आला असेल तर १००, नसेल तर २,६००. जुनी प्रत वाचून गॅसचा हिशोब करणारा हमखास चुकतो.

पायथॉनने याबाबत सरळ हात वर केले आहेत. बाइटकोड ही आतली बाब आहे, पुढच्या आवृत्तीत बदलू शकते, असं त्याची मार्गदर्शिका बजावते. आवृत्ती ३.११ मध्ये फंक्शन कॉलसाठी 'प्रीकॉल' आणि 'कॉल' अशा दोन सूचना आल्या, आणि ३.१२ मध्ये 'प्रीकॉल' गायबही झाली. पायथॉनला हे परवडतं, कारण बाइटकोड पुन्हा तयार करता येतो. ब्लॉकचेनवर एकदा ठेवलेला बाइटकोड तसाच राहतो.

ब्लॉकचेनवर नोंदवलेला कागद कॉलने तपासायचा तर क्रम असा लागतो. आधी त्या पत्त्यावर प्रोग्राम आहे ना, ते बघायचं. मग परत आलेला आकडा १ आहे ना. मग उत्तराची लांबी हवी तेवढी भरते ना. या तिन्हींनंतरच उत्तरातला मजकूर वाचायचा. सॉलिडिटीत नेहमीच्या पद्धतीने फंक्शन बोलावलं तर यातलं बरंचसं भाषा स्वतः करते. थेट कॉल वापरला तर यातलं काहीही आपोआप होत नाही.