दिवाळीतील किल्ले

दिवाळीच्या सुमारास महाराष्ट्रातील मुले अंगणात, गच्चीवर वा वाड्याच्या चौकात दगडमातीची जी दुर्गप्रतिकृती उभारतात, तीस सामान्यतः ‘किल्ला’ एवढेच म्हटले जाते. ऐतिहासिक प्रसंग लघुप्रतिमांच्या साहाय्याने मांडण्याची मराठी समाजातील ही सर्वांत रूढ पद्धती होय. तिला लेखी नियम नाहीत. धाकटी मुले थोरल्यांच्या हाताखाली ती शिकतात.

दगडविटांच्या ढिगावर पोते अंथरून त्यावर कालवलेली माती लिंपतात. माती ओली असतानाच तट, बुरूज, दरवाजा व पायऱ्यांची वाट घडवितात. उतारावर मोहरी किंवा अळीव पेरतात. चारसहा दिवसांत उगवणारी कोवळी रोपे गवताचा आभास निर्माण करतात. माथ्यावर सिंहासनाधिष्ठित शिवाजी महाराज, तटावर मावळे व तोफा, पायथ्याशी शेतकरी व गवळणी आणि गुहेत वाघ अशी चित्रे (मातीच्या किंवा प्लॅस्टरच्या रंगीत मूर्ती) मांडली जातात. चित्रांच्या आकारमानात मेळ नसतो. मावळा दरवाजाहून उंच असतो आणि वाघ बुरुजाएवढा. याची खंत कोणालाही वाटत नाही.

पाश्चात्त्य देशांतील लघुप्रतिमांच्या युद्धक्रीडेशी या प्रथेचे साम्य वरवरचे आहे. त्या क्रीडेचा उगम लष्करी शिक्षणात आहे. प्रशियात राइसविट्झ यांनी १८१२ मध्ये राजापुढे मांडलेला खेळ त्यांच्या मुलाने १८२४ मध्ये सुधारून सेनाधिकाऱ्यांच्या उपयोगी आणला, एच्. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने लिट्ल वॉर्स (१९१३) या पुस्तकाने तो दिवाणखान्यात आणला. हौशी मंडळांत एक सभासद यजमान होतो. लढाईची निवड, भूमीची आखणी, दोन्ही सैन्यांची जमवाजमव, चाली व फासे यांचे नियम आणि वादात निवाडा ही कामे त्याच्याकडे असतात. दिवाळीतील किल्ल्यावर मांडणी करणारा असतो, पण प्रतिपक्ष नसतो. शत्रू आढळलाच, तर तो अफजलखानवधाच्या चित्रात, म्हणजे आधीच पराभूत झालेला. येथे स्मृतीची स्थापना होते, युद्ध होत नाही.

हा भेद सोलापूरच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. दिवाळीतील किल्ल्याचा नमुना बहुधा गिरिदुर्गाचा असतो; सोलापूरचा किल्ला मात्र भुईकोट आहे. बहमनी काळातील या किल्ल्यास दुहेरी तट असून पूर्वेस सिद्धेश्वर तलाव व इतर बाजूंस खंदक होता. आदिलशाही व निजामशाही यांनी त्यासाठी दीर्घकाळ झुंज घेतली. दोन्ही घराण्यांच्या सोयरिकींतही तो हुंड्याचा विषय झाला. मे १८१८ मध्ये टॉमस मन्रो याच्या नेतृत्वाखालील इंग्रज फौज येथे आली. दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेचे नेतृत्व पेशव्यांच्या तोफखान्यावरील पानसे घराण्यातील गणपतराव पानसे यांच्याकडे होते. १० मे रोजी इंग्रजांनी शिड्या लावून पेठ घेतली. बाहेरील मराठी फौज माघार घेत असता घोडदळाने तिचा पाठलाग केला. किल्ला त्यानंतरही लढत राहिला व १५ मे रोजी शरण आला.

हा वेढा मेजावर मांडू पाहणाऱ्या यजमानापुढे पहिली अडचण मापाची येते. किल्ल्याची लांबी सुमारे २१० मी. व रुंदी १६० मी. आहे. युद्धक्रीडेतील नेहमीची २८ मिमी. उंचीची प्रतिमा प्रत्यक्षाच्या साधारण एकसाठांश असते. त्या मापाने किल्ल्याचीच लांबी साडेतीन मीटर भरते, आणि ३० ते ४५ मी. रुंदीचा खंदक अर्ध्या ते पाऊण मीटरचा होतो. पेठेला मग जागाच उरत नाही. म्हणून भूमीचे माप प्रतिमांच्या मापाहून पुष्कळ लहान धरावे लागते व एका प्रतिमेने अनेक शिपाई दर्शवावे लागतात. दिवाळीतील बेमेळ मावळा यामुळे तितकासा बालिश ठरत नाही.

दुसरी अडचण अधिक अवघड आहे. किल्ला पडला हे सर्वांस ठाऊक असते. तेव्हा तो पडण्यावर निकाल ठेवल्यास किल्लेकऱ्यांच्या बाजूने खेळण्यात अर्थ उरत नाही. निकाल किल्ला किती दिवस टिकला आणि पेठेबाहेरील फौजेपैकी किती निसटली, यांवर ठेवावा लागतो. शिवाय मन्रोच्या बाजूस केवळ गोरे सैनिक मांडून भागत नाही. त्याच्या फौजेत मद्रासच्या देशी पलटणींचा भरणा होता. लढाईचे हे स्वरूप दिवाळीतील मांडणीला पेलत नाही, आणि तिच्याकडून तशी अपेक्षाही नसते.

त्याच मे महिन्यात रायगडही तोफांच्या माऱ्यानंतर इंग्रजांच्या हाती गेला आणि ३ जून १८१८ रोजी बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. अंगणातील रायगड मात्र १८१८ चा नसतो. तो १६७४ च्या राज्याभिषेकाचा असतो, आणि दिवाळी सरल्यावर मुलेच त्याची चित्रे पुढील वर्षासाठी काढून ठेवतात.